सुतक न पाळणारं घर

पखवाज मुलीला एकटीला उचलत नसे. ती तेव्हा चौथीत होती. मारुतीच्या देवळातून तो सरावासाठी घरी आणायचा असला की एक बाजू तिच्या बाबाच्या हातात आणि दुसरी तिच्या, असे दोघं गल्लीतून येत, एखादं आजारी वासरू आणावं तसे. बघणारे हसत. त्यात गंमत पखवाजाची नव्हती. गावात देव न मानणारा म्हणून ओळखला जाणारा एकच माणूस होता आणि तो देवळातलं वाद्य उचलून चालला होता, त्याची होती.

मी आणि माझा नवरा, आम्ही दोघंही देव मानत नव्हतो. मी अजूनही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून वाचणाऱ्याचा वेगळा समज होऊ शकेल.

नवरा शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर आम्ही शिरूर सोडून कवठे येमाईला, त्याच्या गावी, राहायला आलो. थोरल्या दिरांच्या घराला लागून रिकामी जागा होती, तिथे छोटं घर बांधलं. दिरांना मी दादा म्हणते. त्यांनी वास्तुशांतीचा विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, "जेवण घालू की दादा. पूजा नको." दादा बरं म्हणाले. जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे आमच्याच आमटीत घातले. नवऱ्याने ते चावता चावता त्यांच्याकडे पाहिलं. दादा म्हणाले, "काय बघतो? खोबरंच हाय." दोघं भाऊ हसले. त्या घरात असं चालायचं.

मारुतीच्या देवळात संध्याकाळी मुलांचा भजनाचा वर्ग भरत असे. मुली टाळ धरत आणि गात, मुलगे पखवाज शिकत. आमची मुलगी मैत्रिणींबरोबर गेली आणि आठवडाभरात घरी येऊन म्हणाली, तिला टाळ नको, पखवाज पाहिजे.

मला ते फारसं आवडलं नव्हतं. देवाची भीती नव्हती, सवयीची होती. रोज तासभर देवापुढे बसणारं मूल हळूहळू काय काय खरं धरून चालेल, असं वाटायचं. नवरा म्हणाला, "वाजवू दे. ती जे वाजवतेय ते खरं आहे. समोर कोण बसलंय ते तिचं ती बघेल."

वर्ग घेणारे आप्पा गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. उंच, वाकलेले, खालच्या ओठात कायम तंबाखू. त्यांच्याकडे ती दोघं गेली तो प्रसंग नवरा नंतर कितीतरी वेळा सांगायचा.

"मास्तर, पोरगी पखवाज म्हंती," आप्पा म्हणाले.

"म्हणते खरी."

"पोरींनी कवा वाजवला न्हाई आपल्याकडं. पर वाजवंल. त्याचं काय न्हाई. पर तुमी तर देवच मानत न्हाई."

"माझं राहू द्या. ती मानते का, ते तिला विचारा."

आप्पांनी तिच्याकडे वळून विचारलं, "काय गं, मानतीस का?"

"अजून ठरवलं नाही," मुलगी म्हणाली.

आप्पांना इतकं हसू आलं की तंबाखू थुंकायला बाहेर जावं लागलं. परत आले आणि म्हणाले, "ठरव, ठरव. घाई न्हाई. त्यालाबी न्हाई."

त्यानंतर नवरा तिला रोज देवळापर्यंत सोडायचा आणि बाहेर पारावर पुस्तक घेऊन बसायचा. आत कधी गेला नाही. आप्पा वर्ग चालू असताना आतूनच ओरडत, "मास्तर, आत या की. देव काय चावत न्हाई."

"देव नाही चावत हो आप्पा, डास चावतात."

"मंग आतच या. आत धूप हाय."

हे रोजचं होतं. कधी शब्द थोडे बदलत, कधी तेही नाही.

ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. त्याच्या डाव्या बाजूला, वाजवायच्या आधी, गव्हाच्या पिठाची ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय त्यातून तो खोल, पोटात उतरणारा आवाज निघत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. आमच्या घरी ती कणीक नवरा मळायचा. सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर सुटून पडते, हे त्याने दोन-तीनदा फजिती करून घेऊन शिकून घेतलं. मी पोळ्यांसाठी पीठ काढायला गेले की परातीत त्याचा तेवढासा गोळा असायचा. "हा माझा नैवेद्य," तो म्हणायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, नैवेद्य म्हणू नका, तुम्ही मानत नाही." "बरं. हा माझा गृहपाठ."

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते, ते गेले, आई अजून स्टेशनमागच्या आमच्या जुन्या घरात राहते. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा पखवाजही बरोबर असायचा, कारण दौंडच्या बाजारात एक चाचा वाद्यांना चामडं चढवून देत. एसटीत पखवाज मांडीवर, न्हावऱ्यावरून दौंडला. चाचांनी एकदा काम करता करता विचारलं, "कोणत्या मंडळाचे तुम्ही?" नवरा म्हणाला, "मंडळ हिचं. आम्ही नुसते हमाल. आम्ही देव मानत नाही." चाचा चामडं ताणत म्हणाले, "वा. म्हंजी माझ्यापेक्षा जास्त वेळा देवळाला जाता आन् मानत न्हाई. माझं बरं हाय, मी मानतो आन् जात न्हाई." नवऱ्याला हे फार आवडलं होतं. परतीच्या वाटेवर तो मधूनच हसत होता.

मुलगी सातवीत गेली तोपर्यंत मंडळाचा मुख्य पखवाज तीच वाजवू लागली होती. मोठे मुलगे एकेक करून रांजणगावच्या कंपन्यांमध्ये कामाला लागले. पाळ्या सांभाळून भजनाला येणं त्यांना जमेना. आप्पा कुरकुरत, पण तिला पुढे बसवत. पखवाजही आता आमच्याच घरी राहू लागला.

मंडळाचं एक काम मला आधी माहीत नव्हतं. गावात कुणी वारलं की मंडळ त्या घरी जातं. कुणाचंही घर असो. माणूस घरातून निघाल्यापासून स्मशानापर्यंत भजन म्हणत त्याच्याबरोबर चालायचं, आणि नंतरचे काही दिवस संध्याकाळी त्या घराच्या अंगणात बसायचं. भांडणं असली तरी जायचं. निवडणुकीत विरोधात असलेल्यांच्या घरीही. ज्या घरात दुःख झालं त्या घरच्या माणसाने मात्र टाळ-पखवाजाला हात लावायचा नाही. त्याला सुतक. त्याच्यासाठी ते इतरांनी करायचं.

पहिल्यांदा तिला बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले. एवढ्या लहान मुलीने मेलेल्या माणसाबरोबर कशाला चालायचं? नवरा म्हणाला, "तिला विचारू." ती म्हणाली, "मी नाही गेले तर त्यांना नुसत्या टाळांवर न्यावं लागेल." त्या दिवशी ती गेली आणि त्यानंतर कितीतरी वेळा गेली. परत आल्यावर मागच्या दाराने येऊन आंघोळ करायची, कारण दादांच्या घरचे तसं सांगत. आम्ही त्यावर काही बोलत नसू. मग ती जेवायला बसायची आणि सांगायची. अमक्यांची सून रडत नव्हती, नुसती गोठ्याकडे बघत होती. अमक्यांच्या आजीला सगळे जण शेवटचं पाणी पाजत होते, ते सांडून सांडून तिचा पदर भिजला, आणि कुणीतरी म्हणालं, थंडी वाजेल तिला.

एकदा अशीच जेवताना ती म्हणाली, "आपल्याकडे कुणी गेलं तर?"

नवऱ्याने तिला सरळ सांगितलं. मुलांशी तो असाच बोलायचा. त्याने आणि मी देहदान करायचं ठरवलं होतं. "आपल्याकडे पुण्याहून गाडी येईल. डॉक्टर होणारी मुलं आमच्यावरून शिकतील. विधी नाही, दहावं नाही, काही करायचं नाही."

"मग मी कुठून कुठपर्यंत वाजवायचं?"

"फाटकापर्यंत वाजव," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. मग तिने विचारलं, "पण मला चालेल का? मी घरचीच ना?" त्यावर त्याने काहीतरी उत्तर दिलं, ते मला आठवत नाही. मी भाकरी टाकत होते.

तो शाळेत, वर्गात शिकवताना कोसळला. मला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते. शिरूरच्या ज्या दवाखान्यात त्याला नेलं तिथे मी पोहोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते. ते मला बसा म्हणाले. बसा म्हटल्यावर कळलंच.

देहदान लवकर करावं लागतं. पुण्याच्या कॉलेजला फोन लावले, त्यांनी काय काय लागेल ते सांगितलं, दादा आले, माणसं आली. मी एवढंच म्हणाले की त्याला आधी घरी न्यायचं, मुलगी घरी आहे. तिची परीक्षा चालू होती, दुपारी लवकर सुटून ती घरी आलेली होती. तिला तिच्या काकूने सांगितलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. गेटबाहेर मंडळ उभं होतं. सगळे टाळ घेऊन आले होते. कुणी वाजवत नव्हतं. काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण असं घर त्यांना आधी लागलं नव्हतं.

दादा माझ्याजवळ आले. डोळे पुसत म्हणाले, "त्याचं म्हननं मला म्हाईत हाय. मी त्याच्यातलं काय करा म्हनत न्हाई. पर मंडळी म्हंत्यात, निदान वेशीपातूर चालत नेऊ. मंग गाडीत ठेवू. एवढंच."

तेवढ्यात मुलगी आतून बाहेर आली. शाळेचाच पोशाख होता. पखवाजाचा पट्टा तिने गळ्यात घातला होता. कणीक लावलेली नव्हती. ती कुणाकडे बघत नव्हती.

आप्पा पुढे आले आणि त्यांनी पखवाजावर हात ठेवला. "बाळा, ह्यो खाली ठेव. आपल्या मानसाला आपुन वाजवायचं नसतं. आमी हाय की. आमी हाय." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी म्हणाले, "नको, आप्पा. त्याने नको म्हणून सांगितलं होतं."

त्या दुपारी मला त्याच्यासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं, त्याचा शब्द पाळणं. आज मी वेगळं काही म्हणाले असते का, हे स्वतःला अनेकदा विचारून पाहिलं तरी मला सांगता येत नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. मागे वळून त्यांनी मान हलवली, आणि माणसांनी टाळ पिशव्यांमध्ये ठेवायला सुरुवात केली. दोऱ्या टाळांभोवती गुंडाळून, एकमेकांना लागून आवाज होऊ नये अशी काळजी घेत.

तोवर पुण्याहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने मदत म्हणूनच गाडी उलटी घेत घेत पार ओट्याला आणून लावली होती. दारापासून गाडीपर्यंत अंतरच उरलं नव्हतं. त्याला बाहेर आणलं आणि आत ठेवलं. चालावं असं कुठे काही नव्हतंच. मागचं दार लागलं. गाडी निघाली आणि मी तिच्यामागे पळाले. गेटच्या बाहेर, दादांच्या गोठ्याच्याही पुढे गेले. मला बायकांनी धरून परत आणलं. मुलगी ओट्यावरच होती. पखवाज तिने खाली ठेवला होता आणि त्याच्यावर हात टाकून उभी होती, उनाड जनावराला धरून ठेवावं तशी.

आमच्या घरी सुतक पाळलं नाही. दिवस घातले नाहीत. शेजारच्या घरी, भिंतीपलीकडे, दादांनी सगळं केलं. डोक्यावरचे केस काढले, नदीवर गेले, दहाव्याला कावळ्यासाठी तासन्‌तास उभे राहिले. आधी माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "तुमी करू नका. तुमचं बराबर हाय. पर मला तर करू द्या. तो माझा धाकटा व्हता." मी कशी नाही म्हणणार? कावळा शिवला की नाही ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या अंगणात मंडळ बसलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं, पण आप्पा आले नाहीत. एका घरात नको म्हटलेलं भिंतीपलीकडून ऐकवायचं, हे त्यांना बरं वाटलं नसावं.

मुलगी परीक्षेला गेली. उरलेले पेपर दिले. चांगले दिले. वर्गाला मात्र गेली नाही. पखवाज आतल्या खोलीत कपाटाशेजारी उभा होता, त्यावर माझी एक जुनी साडी टाकलेली.

काही आठवड्यांनी आप्पा आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. "पोर येत न्हाई."

"मी तिला अडवलं नाही, आप्पा."

"ते म्हाईत हाय. मास्तर असते तर त्यांनी आनून सोडली असती." मग जरा वेळाने म्हणाले, "पारावर आता कुत्रं बसतंय. त्याच्याशी काय बोलावं?" ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. तंबाखूची डबी काढली, तशीच परत ठेवली.

मी तिला सांगितलं, आप्पा आले होते. ती म्हणाली, "ऐकलं."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दौंडला आईकडे गेलो. पखवाज नेला नाही. माझ्या आईला ऐकू कमी येतं, तिच्या घरात सगळं मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून आम्ही फारसं बोलतच नव्हतो. एका सकाळी आई आत भाजी निवडत होती आणि आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. समोरून मालगाडी चालली होती, ती संपेपर्यंत थांबून मुलगी म्हणाली, "मी किती जणांबरोबर गेले गं."

मी हो म्हणाले.

"शेवंता आत्यांबरोबर, त्या दारू पिणाऱ्या काकांबरोबर. त्यांना तर कुणी नीट ओळखतही नव्हतं. त्यांच्याबरोबरही गेले. आपल्याकडे कुणी आलं नाही."

"आले होते ना. सगळे आले होते."

"तू परत पाठवलंस."

"बाबांनी सांगितलं होतं. तुझ्यासमोरच सांगितलं होतं."

"बाबा नव्हते तिथे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हीच सांगता ना, मेल्यावर माणूस नसतो. मग बाबांना नको असायला बाबा होते कुठे? नको कुणाला होतं?"

मी म्हणाले, "त्यांचा शब्द होता."

"आप्पा म्हणतात, वाजवत गेलं की माणूस एकटा जात नाही. मला माहितीये ते खरं नाही. कुणी कुठे जात नाही. मला ते पहिल्यापासून माहितीये." ती माझ्याकडे वळली. "मग तू गाडीमागे का पळालीस?"

असल्या प्रश्नांची उत्तरं घरात तो द्यायचा. त्याने काय म्हटलं असतं याचा मी तिथेच, पायरीवर बसून, विचार केला. त्यालाही काही सुचलं नसतं, असं मला वाटतं. तो आधी हसला असता आणि मग गप्प बसला असता. आईने आतून विचारलं, कोण रडतंय? आम्ही कुणीच नाही म्हणालो.

नंतर पुष्कळ दिवस मी त्याच गोष्टीपाशी अडून राहिले. आम्ही तिला पखवाज वाजवू दिला तेव्हा ताल आणि देव वेगळे करता येतील अशी आमची समजूत होती, आणि ते तिने केलंही. देव तिच्या अंगाला लागला नाही. पण त्या मंडळात बसून तिला दुसरंच काहीतरी लागलं होतं, ज्याचा आम्ही विचार केला नव्हता. कुणाच्या दारी दुःख झालं की जायचं आणि त्या घराला एकटं सोडायचं नाही, हे तिच्या हातात मुरलं होतं. स्वतःच्या घरावर तशी वेळ आल्यावर तिने ते दारातून परत जाताना पाहिलं.

आप्पांच्या बायकोला सगळे मुलगे-मुली आजी म्हणत. वर्ग सुटला की त्या देवळाच्या पायरीवर बसून प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणे आणि गूळ ठेवत. मुलीला थोडे जास्त, कारण ती पखवाज वाजवून दमलेली असे. उन्हाळा सुरू होता होता त्या गेल्या. झोपेतच गेल्या. सकाळी आमच्या घरी चहा चालू होता तेव्हा दादा आले आणि दाराशीच उभे राहिले.

"आप्पांची मालकीण गेली."

आम्ही दोघी उठलो.

"पोरं सगळी पहिल्या पाळीला गेल्यात," दादा म्हणाले. "आप्पांना आता हात लावता यायचा न्हाई. दुसरं कोन न्हाई वाजवायला." ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "त्यांनी निरोप न्हाई दिला. मीच आपलं इचारतो. न्हाई म्हनली तरी चालंल."

मुलगी आत गेली. मला वाटलं, ती खोलीचं दार लावून घेईल. तिने कपाटाशेजारचा पखवाज बाहेर आणला, त्यावरची साडी घडी करून माझ्याजवळ दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन पीठ काढलं. मळताना तिची पाठ माझ्याकडे होती. निघताना म्हणाली, "तू येतेस?"

मी गावातल्या कुठल्याही अंत्ययात्रेला कधी गेले नव्हते. पुस्तकं, नोकरी, आमची मतं, अशी कारणं नेहमी असायची. चपला घालून मी तिच्यामागे निघाले.

आजींना अंगणातून उचललं तेव्हा मंडळाने सुरुवात केली. मुलगी आजींच्या मागेच होती, पखवाज कमरेपुढे बांधलेला, मान एका बाजूला. पहिल्या काही थापा कच्च्या पडल्या, मग हात बसला. बायकांच्या घोळक्यात मी अगदी पुढे होते म्हणून मला सगळं दिसत होतं. आप्पा सर्वांत पुढे चालत होते. त्यांच्या हातात टाळ नव्हते. इतकी वर्षं ज्यांना मी टाळांशिवाय पाहिलं नव्हतं, ते हात काय करावं ते न कळून कधी सदऱ्याला, कधी डोक्याला लागत होते.

मुलगी जरा जोरात वाजवत होती. मला कळत होतं का ते. इतके महिने साठलेलं होतं. लय वाढत गेली तशी खांदेकऱ्यांची पावलंही वाढली. शाळेच्या पुढे गेल्यावर आप्पा थांबले, मागे वळले आणि तिच्याजवळ आले. मला वाटलं, चूक दाखवतायत. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "जरा सावकाश घे, बाळा. तिचं गुडघं दुखत्यात."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने लय कमी केली. खांदेकरी हळू झाले, टाळ हळू झाले, आम्ही सगळ्याच हळू झालो. वेशीपर्यंत ती त्याच लयीत गेली, कुठेही न चढवता, एखाद्या म्हाताऱ्या बाईचा हात धरून चालावं तशी.

वेशीशी बायका थांबतात. मीही थांबले. मंडळ पुढे स्मशानाकडे गेलं, मुलगी पुढे गेली. बाकीच्या बायका परत फिरल्या. एकीने मला हाताला धरून चला म्हटलं. मी म्हटलं, येते.

माझा नवरा भरभर चालायचा. त्याच्याबरोबर चालताना मी नेहमी मागे पडायचे आणि तो पुढे जाऊन, कुठेतरी थांबून, माझी वाट बघायचा. त्याला नेलं त्या दिवशी, लय कशी धरायची असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.